गाडीतले पिस्तूल : परवडणारे, भरवशाचे आणि कायद्यात बसणारे

सराफ बाजारातील व्यापारी, पेट्रोलपंपचालक, बांधकाम व्यावसायिक, रात्री-अपरात्री महामार्गाने प्रवास करणारे ठेकेदार आणि डॉक्टर या साऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास डोकावतो. गाडीत स्वसंरक्षणासाठी एखादे पिस्तूल ठेवावे काय, आणि ठेवायचे झाल्यास खिशाला परवडणारे व ऐनवेळी दगा न देणारे कोणते? दुकानातील विक्रेता या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देतो. कायदा, गाडीची रचना आणि माणसाचा स्वभाव यांचा विचार केला, की तेच उत्तर बरेच लांबते.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईतील जुहू येथील आपल्या घरातून कोलकात्याला जाण्याच्या तयारीत होते. त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांचा पाय जखमी झाला. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. तेथे कोणी हल्लेखोर नव्हता, झटापट नव्हती. शस्त्र कायदेशीर होते आणि मालकही सराईत गुन्हेगार नव्हता. शस्त्र जवळ बाळगणाऱ्याला सर्वांत अधिक धोका कोठून असतो, हे या घटनेने पुन्हा एकदा दाखवून दिले. गाडीसाठी शस्त्र निवडताना हीच गोष्ट सर्वप्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे.

निवडीचे वर्तुळ कायदाच आखतो

चित्रपटांत आणि परदेशी मासिकांत दिसणारी बहुतेक पिस्तुले भारतातील सामान्य नागरिकाला घेता येत नाहीत. लष्कर आणि पोलीस दल वापरतात त्या ९ मिलिमीटर, तसेच .३८ आणि .४५५ बोअरच्या पिस्तुलांचा व रिव्हॉल्व्हरचा समावेश प्रतिबंधित बोअरमध्ये होतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान ७ ते कमाल १४ वर्षे तुरुंगवासाची तरतूद आहे. साधे शस्त्र विनापरवाना बाळगल्यासही किमान २ वर्षांची शिक्षा होऊ शकते. तेव्हा 'स्वस्त आणि मस्त' म्हणून कोणी गावठी कट्टा किंवा चोरट्या मार्गाने आलेले परदेशी पिस्तूल पुढे केल्यास त्याकडे पाठ फिरवणे, हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग होय. असे शस्त्र गाडीत सापडले तर लुटारू दूरच राहतात आणि गाडीमालकच तुरुंगात जातो. शिवाय कट्ट्याची नळी कोणत्या पोलादाची आहे, याची हमी बनवणाराही देऊ शकत नाही. ती हातातच फुटण्याची भीती असते.

उरतो तो प्रामुख्याने .३२ आणि .२२ बोअरचा पर्याय. त्यातही स्वसंरक्षणासाठी घेतले जाणारे शस्त्र बहुतेक वेळा .३२ बोअरचेच असते. याच .३२ मध्ये दोन वेगवेगळी काडतुसे आहेत, याकडे नवख्यांचे दुर्लक्ष होते. पिस्तुलात वापरले जाते ते .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिलिमीटरचे काडतूस. अमेरिकी शस्त्रतज्ज्ञ जॉन ब्राउनिंग यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केले. रिव्हॉल्व्हरमधील काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग या नावाने ओळखले जाते आणि ते लांबीला अधिक असते. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरू नये. खरेदी करताना परवान्यावर 'पिस्तूल' लिहिले आहे की 'रिव्हॉल्व्हर', हे पाहणे म्हणूनच गरजेचे ठरते.

काडतुसांचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. या कारखान्याची 'केएफ' ही अक्षरे काडतुसाच्या बुडाशी कोरलेली असतात आणि ती देशभरातील परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली. त्यानंतर दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, तर बंदुका आणि पिस्तुले बनवणारे कारखाने कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे आले.

आधी परवाना, मग दुकान

पिस्तूल पसंत करून नंतर परवान्याच्या मागे लागणे म्हणजे घोड्याआधी गाडी जोडणे. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी परवाना देतात. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी अहवाल मागवला जातो. पूर्वीचे गुन्हे, कुटुंबातील वाद, शेजाऱ्यांशी संबंध या गोष्टी त्यात येतात. शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरी ते सुरक्षित ठेवण्याची हमी यांचाही अंतर्भाव केला.

'मला भीती वाटते' एवढे कारण पुरेसे होत नाही. व्यवसायाच्या किंवा नोकरीच्या स्वरूपामुळे जीविताच्या अथवा मालमत्तेच्या रक्षणाची खरीखुरी गरज आहे, हे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. रोख रकमेची ने-आण, मौल्यवान मालाची वाहतूक, पूर्वी आलेल्या धमक्या, त्याबाबत पोलिसांत केलेल्या तक्रारी यांचे कागद अर्जासोबत असल्यास त्यास वजन येते. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागता येतात आणि अपीलही करता येते. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, असेही कायदा सांगतो.

२०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतील विशिष्ट ओळख क्रमांक असणे बंधनकारक आहे. वाहनात शस्त्र ठेवू इच्छिणाऱ्याने परवान्यातील आणखी एक रकाना बारकाईने वाचावा. तो म्हणजे वैधतेचे क्षेत्र. परवाना केवळ महाराष्ट्रापुरता असेल, तर सावंतवाडीहून गोव्यात किंवा कागलहून कर्नाटकात शिरताच तोच कायदेशीर मालक अटींचा भंग करणारा ठरतो. महामार्गावरची हद्द चटकन लक्षात येत नाही. नाकाबंदीवरचा पोलीस मात्र ती विसरत नाही.

परवाना मिळाला म्हणजे तो कायमचा मिळाला, असेही नाही. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर शस्त्र परवान्यांची मोठ्या प्रमाणावर फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की अनेकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या काळात गाडी रिकामीच असते. ज्याची सारी सुरक्षा एकट्या पिस्तुलावर अवलंबून आहे, त्याने या दिवसांचाही विचार केलेला बरा.

बाजारात काय मिळते?

परदेशी बनावटीच्या पिस्तुलांची व्यापारी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे पूर्वी आलेली वेब्ली, कोल्ट, ब्राउनिंग, वॉल्थर ही शस्त्रे हातोहाती फिरत राहिली आणि त्यांच्या किमती लाखांच्या घरात गेल्या. ही किंमत दुर्मीळतेची असते, भरवशाची नव्हे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पिस्तुलाची स्प्रिंग थकलेली असते, सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्ती करणारा जाणकार कारागीर शोधावा लागतो. शिवाय अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये शस्त्र हातातून पडले तरी गोळी सुटू नये, अशी अंतर्गत योजना नसते किंवा असलेली झिजलेली असते. प्रतिष्ठेची वस्तू म्हणून ती कपाटात शोभते. खाचखळग्यांतून धावणाऱ्या गाडीसाठी ती योग्य नाही.

देशी शस्त्रांत कानपूरच्या कारखान्याचा .३२ बोअरचा सहा गोळ्यांचा रिव्हॉल्व्हर सर्वाधिक परिचित आहे. त्याची नळी मधोमध दुमडून सहाही पुंगळ्या एकदम बाहेर काढता येतात. २०१४ साली 'निर्भीक' हा सुमारे ५०० ग्रॅम वजनाचा हलका रिव्हॉल्व्हर आला. दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. तेव्हा त्याची किंमत १ लाख २२ हजार रुपयांच्या आसपास होती आणि ज्यांच्यासाठी तो बनवला त्यांतील किती जणींना ती परवडेल, असा सवाल त्याच वेळी उपस्थित झाला. २०२३ साली 'प्रबल' हा रिव्हॉल्व्हर बाजारात आला. त्याचे काडतुसांचे चक्र बाजूला उघडते, त्यामुळे नळी दुमडावी लागत नाही. पिस्तूलच हवे असणाऱ्यांसाठी .३२ बोअरचे 'अशनी' आहे. .२२ बोअरचा 'निडर' रिव्हॉल्व्हर वजनाने अगदी हलका आणि किमतीने कमी असला, तरी त्याच्या काडतुसाची ताकद फारच मर्यादित आहे. खासगी क्षेत्रात वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावाने उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात .३२ रिव्हॉल्व्हरची निर्मिती सुरू झाली.

किमतीचा विचार करताना करही धरावा लागतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवर पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे १ लाख रुपये मूळ किमतीच्या शस्त्रावर करापोटीच ४० हजार रुपये मोजावे लागतात. त्यावर काडतुसे, कमरेचे म्यान, घरातील तिजोरी, प्रशिक्षण, सराव आणि परवान्याच्या नूतनीकरणाचा खर्च येतो. ज्याचे अंदाजपत्रक केवळ शस्त्राच्या किमतीपाशी संपते, त्याला ते परवडलेले नाही असेच समजावे. थोडे स्वस्त शस्त्र घेऊन उरलेले पैसे सरावावर खर्च करणे केव्हाही अधिक हिताचे.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

पिस्तुलात गोळ्या मॅगझिनमध्ये असतात. एक गोळी सुटली की वरची स्लाइड मागे सरकून रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढचे काडतूस नळीत चढवते. ते पातळ असल्याने अंगावर सहज लपते, गोळ्या एक-दोन अधिक मावतात आणि भरणेही लवकर होते. मात्र ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी सारे थांबते. मॅगझिनची वाकलेली कड, कमकुवत काडतूस, तेलात बसलेली धूळ किंवा सैल पकड यांपैकी कशानेही पुंगळी अडकू शकते. अडकलेले पिस्तूल सोडवण्यास दोन्ही हात लागतात. गाडीच्या आसनावर, पट्ट्यात अडकलेल्या आणि घाबरलेल्या माणसाला ते जमेलच असे नाही.

रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक काडतूस स्वतंत्र खणात असते. एखादे फुटले नाही, तर पुन्हा चाप ओढताच पुढचा खण समोर येतो. भरलेला आहे की रिकामा, हे उघडून डोळ्यांनी पाहता येते. पिस्तुलाचे मॅगझिन काढले की ते रिकामे झाले असे मानले जाते आणि नळीत उरलेली एक गोळी घात करते; या प्रकारच्या अपघातांना रिव्हॉल्व्हरमध्ये वाव कमी असतो. दुसऱ्या बाजूला रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, त्यामुळे अचूक नेम साधण्यास सराव अधिक लागतो. पुन्हा गोळ्या भरण्यास वेळही जास्त जातो.

महिन्या-दोन महिन्यांतून जेमतेम एकदा सराव करणाऱ्या, शस्त्राची रोज साफसफाई न करणाऱ्या सर्वसामान्य परवानाधारकाने त्यातल्या त्यात नवा, देशी बनावटीचा, सुटे भाग मिळतील असा .३२ रिव्हॉल्व्हर निवडणे अधिक सुरक्षित. नियमित सराव करणाऱ्याला आणि शस्त्राची निगा राखणाऱ्याला पिस्तूल सोयीचे वाटू शकते. जुनाच रिव्हॉल्व्हर वापरावा लागत असेल, तर घोड्याखालचा खण रिकामा ठेवण्याची जुन्या लोकांची पद्धत पाळावी. सहाऐवजी पाचच गोळ्या राहतात. पण शस्त्र हातातून निसटले तरी घोडा जिवंत काडतुसावर आदळत नाही.

खरेदीपूर्वी काही गोष्टी दुकानातच तपासाव्यात. शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून चाप आपल्या बोटाला झेपतो का, पकड हाताच्या मापाची आहे का, काडतुसांचे चक्र हलते का, प्रत्येक खण नळीसमोर नेमका बसतो का, खटका घट्ट आहे का, हे पाहावे. शस्त्रावरील क्रमांक, पावतीवरील क्रमांक आणि परवान्यातील नोंद यांत एका अंकाचाही फरक नको. वापरलेले शस्त्र घेताना ते जाणकार कारागिराला दाखवून घ्यावे. त्यानंतर ज्या बनावटीची काडतुसे पुढे वापरायची, त्यांतीलच पन्नासेक काडतुसे मान्यताप्राप्त रेंजवर झाडून पाहावीत. एकही न अडता झाडली गेली, तरच त्या शस्त्रावर भरवसा ठेवावा. काडतुसे किती खरेदी करता येतील आणि एका वेळी किती जवळ बाळगता येतील, हे परवान्यातच नमूद असते. सरावाचा हिशेब त्यात बसवावा लागतो.

गाडी ही चार भिंतींची खोली नव्हे

गाडीत शस्त्राचा उपयोग करणे घरापेक्षा कितीतरी कठीण असते. चालकाचा एक हात स्टिअरिंगवर, कमरेवर सुरक्षापट्टा, शेजारी कुटुंबीय आणि मागे मुले. उजव्या कमरेला लावलेले शस्त्र दरवाजा आणि आसन यांच्या बेचक्यात अडकते. घाईत ओढताना त्याचे तोंड स्वतःच्या मांडीवरून किंवा शेजारच्या व्यक्तीवरून फिरते. समोरची काच दोन थरांमध्ये चिकट पडदा असलेली असते. तिच्यातून जाणारी गोळी दिशा बदलते आणि काचेचे बारीक कण आत उडतात. .३२ च्या काडतुसाची ऊर्जा ९ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी असल्याने काच किंवा पत्रा भेदल्यावर तिचा परिणाम आणखी घटतो. रस्त्यावरील निरपराध माणसाला इजा करण्याइतकी शक्ती मात्र तिच्यात नक्की उरते.

आवाजाचा विचार तर फार थोडे जण करतात. बहुतेक सर्व बंदुका-पिस्तुलांचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि या पातळीला एका आवाजानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. बंद काचांच्या गाडीत तो अधिकच जाणवतो. गोळी झाडल्यावर काही क्षण कोणाला काही ऐकू येत नाही, आणि त्याच क्षणांत मुलांना सूचना द्यायच्या असतात.

चालू स्थितीतील गाडी हेच चालकाचे सर्वांत प्रभावी साधन असते. थांबताना पुढच्या वाहनापासून वळून निघता येईल इतके अंतर ठेवणे, दरवाजे आतून बंद राखणे, निर्जन ठिकाणी कोणी हात केला किंवा मागून किरकोळ धक्का बसला तरी तेथेच न उतरता उजेडाच्या, वर्दळीच्या जागेपर्यंत जाणे, हे उपाय पिस्तुलाहून अधिक वेळा उपयोगी पडतात. बाहेर पडण्याची वाट मोकळी असताना शस्त्राला हात घालणे म्हणजे सुटका होत असतानाच धोका अंगावर ओढवून घेणे होय.

डॅशबोर्डचा कप्पा ही तिजोरी नाही

शस्त्र गाडीत कोठे ठेवावे, असे विचारणारे बहुतेक जण डॅशबोर्डचा कप्पा, आसनाखालची जागा किंवा दरवाजाचा खण मनात धरून असतात. या तिन्ही जागा चुकीच्या आहेत. ब्रेक दाबताच आसनाखालचे शस्त्र घरंगळून पायांत येते. कप्प्याची चावी वाहनतळावरील सेवकाकडे, गॅरेजमधील कारागिराकडे आणि चालकाकडे जाते. लहान मुलांचा हात तेथे सर्वांत आधी पोहोचतो. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांपैकी मोठा वाटा उभ्या गाड्यांतून चोरल्या जाणाऱ्या बंदुकांचा आहे. बंदूक बाळगणे जेथे सर्वसामान्य आहे, तेथेही गाडी ही बंदूक ठेवण्याची जागा ठरलेली नाही, हा त्याचा अर्थ.

२०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर म्यानात अथवा तशाच प्रकारच्या पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रत्यक्ष ताब्यात असले पाहिजे. शस्त्र अंगावर असावे आणि माणूस गाडीतून उतरला की तेही त्याच्यासोबत उतरावे, ही सवय लावून घ्यावी. चाप पूर्ण झाकणारे घट्ट म्यान वापरावे. जेथे शस्त्र नेता येत नाही अशा ठिकाणी जायचे असेल, तर ते त्या दिवशी घरच्या तिजोरीतच ठेवावे.

परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, गाडीच्या नावाचा नसतो. म्हणून मालक बैठकीला गेला आणि शस्त्र चालकापाशी राहिले, तर दोघेही अडचणीत येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरील परवान्याचे असल्याचे पोलीस तपासात पुढे आले. कायदेशीर शस्त्र मालकाच्या हातून सुटले की काय घडू शकते, याचे याहून कटू उदाहरण नसेल.

हवामानाचाही विचार हवा. विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. कोकणच्या पावसाळ्यात लोखंडावर आठवड्याभरात गंज धरतो. सततची उष्णता आणि दमट हवा काडतुसांनाही मानवत नाही. शस्त्र नियमित पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा, जुनी काडतुसे सरावात संपवून नवी भरावीत. शस्त्र हरवले किंवा चोरीस गेले तर तत्काळ जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. विलंब झाला तर त्या शस्त्राने घडलेल्या गुन्ह्याची पहिली विचारणा त्यालाच होते.

नाकाबंदीत पोलिसांनी गाडी थांबवल्यास आतील दिवा लावावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शस्त्र व परवाना जवळ असल्याचे शांतपणे सांगावे आणि सांगितल्याखेरीज शस्त्राला हात लावू नये. परवान्याची मूळ प्रत सोबत असावी.

गोळी झाडण्याचा अधिकार कोठे सुरू होतो, कोठे संपतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खासगी संरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला यांसारख्या प्रसंगी हा हक्क हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत जाऊ शकतो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरीचाही त्यात समावेश होतो. मात्र दोन मर्यादा पक्क्या आहेत. संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तेथे हा हक्क उपलब्ध नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या हक्काची तत्त्वे एकत्रित मांडली. भ्याडासारखे पळून जावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही; त्याचबरोबर सूड किंवा आक्रमण यांसाठीही हा हक्क नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की पैशांची पिशवी घेऊन पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत झाडलेली गोळी स्वसंरक्षणात बसवणे अत्यंत कठीण. ओव्हरटेक करण्यावरून झालेल्या भांडणात समोरच्याला 'धाक दाखवण्यासाठी' बाहेर काढलेले पिस्तूल तर सरळ गुन्ह्याकडे नेते. नियमांनी सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजण्यास मनाई केली आहे. लग्नात-मिरवणुकीत आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याला गाडी चालवताना चटकन राग येतो, त्याने पिस्तूल न घेणे हेच त्याचे खरे स्वसंरक्षण. मद्य घेण्याची सवय असलेल्यालाही हेच लागू.

प्रसंग ओढवलाच आणि गोळी झाडावी लागली, तर सुरक्षित जागी पोहोचून तत्काळ ११२ क्रमांकावर पोलिसांना व रुग्णवाहिकेला कळवावे. शस्त्र तसेच पोलिसांच्या स्वाधीन करावे, घटनास्थळावरील काहीही हलवू नये आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. शस्त्र जप्त होते, चौकशी होते, खटलाही उभा राहू शकतो. निर्दोष सुटका होईपर्यंतची वर्षे कोणत्याही किंमतपत्रिकेत छापलेली नसतात.

खरेदीआधीचा प्रश्न

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मग स्वतःचे रक्षण करायचेच नाही काय? करायचे, पण धोका नेमका कोणता, हे आधी ठरवून. रोज ठरावीक वेळी ठरावीक रस्त्याने रोकड नेणे हाच धोका असेल, तर वेळ आणि मार्ग बदलणे, रोकड कमी करून व्यवहार बँकेमार्फत करणे, मोठ्या रकमेसाठी परवानाधारक सुरक्षा संस्थेची सेवा घेणे हे उपाय आहेत. रात्रीचा निर्जन प्रवास हा धोका असेल, तर गाडीतील कॅमेरा, घरच्यांना सतत दिसणारे गाडीचे ठिकाण, भरलेली टाकी, सुस्थितीतील टायर आणि राष्ट्रीय महामार्गावरील १०३३ ही मदतसेवा उपयोगी पडते. एखाद्याकडून प्रत्यक्ष जिवाला धमकी असेल, तर पोलिसांत लेखी तक्रार देऊन संरक्षण मागणे ही पहिली पायरी आणि तीच पुढे परवान्याच्या अर्जाचा पायाही ठरते.

एवढे करूनही गरज उरत असेल, तर परवाना काढावा, प्रशिक्षण घ्यावे आणि नवा, साधा, देशी बनावटीचा .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावा. तो अंगावर, झाकून, चाप म्यानात ठेवून बाळगावा. दर महिन्याला एकदा तरी रेंजवर जावे. घरी आल्यावर तो सर्वप्रथम रिकामा करून तिजोरीत जावा. एवढी शिस्त रोज, वर्षानुवर्षे पाळणे जमणार असेल, तरच पिस्तूल परवडले असे म्हणता येईल. नाहीतर ते गाडीतले आणखी एक जोखमीचे सामान ठरते.